कणग्यातला माणूस

तळ्याहून आगरदांड्याकडे निघालात की खाडी दिसायच्या जरा आधी उजव्या हाताला एक उंच धुरांडं लागतं. त्याच्या पायथ्याशी वीज तयार होते, आणि तीही आपण ज्याला कचरा म्हणतो त्यातून. गिरण्यांतलं भाताचं तूस, वाड्यांमधली नारळाची सोडणं, काजूची टरफलं, सुरूच्या फांद्या. हे जाळायचं, पाण्याची वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवायचं. सांगायला एका वाक्यात होतं. सांगणाऱ्याला एक दिवस तुसाच्या धुळीत उभं करावं, म्हणजे पुढच्या वेळी तो तीन वाक्यं तरी घेईल.

धर्माजी त्या धुळीत अकरा वर्षं उभा होता. जळणाच्या यार्डात पाच-सहा माणसं कंत्राटावर काम करत, त्यात तो सगळ्यात जुना. वय छप्पन्न, अंगानं काटक, बोलणं कमी आणि स्वतःच्या डोक्यावर विश्वास जरा जास्त. गावात दीड एकर भात, घरी बायको सोनाबाई, आणि तीन वर्षांपासून त्याच्या घरीच राहणारी पुतणी मृणाल. भावाचं बिऱ्हाड ठाण्याला. पण मुलीनं माणगावला आयटीआय केलं आणि काकाच्याच शब्दावर तिला इथं कंट्रोल रूममध्ये काम मिळालं. म्हणजे काका बाहेर धुळीत आणि पुतणी आत पडद्यासमोर, एसीत. याचा धर्माजीला इतका अभिमान होता की गावात तो सांगायचा, "आमच्या मृणालनं बटण दाबल्याबिगर तुमचे पंखे फिरायचे न्हाईत." हे खरं नव्हतं, पण कोण तपासायला जातो.

आता कणग्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. भट्टीत जाण्याआधी जळण एका मोठ्या लोखंडी टाकीत साठतं. टाकी तीन पुरुष खोल, वर रुंद आणि खाली निमुळती. कागदावर तिचं नाव इंग्रजी आहे, पण घरात भात साठवतात तो कणगा, म्हणून यार्डातल्या माणसांनी तिलाही कणगाच म्हटलं. वरून पट्टा येऊन कणग्यात जळण ओततो. बुडाशी दोन जाड गिरमिटं आडवी फिरत असतात, ती ते जळण भट्टीत ढकलतात. नुसतं तूस असतं तर ते गुमान वाहिलं असतं. पण त्यात सोडणांचा भुगा असतो, त्याचे धागे एकमेकांत गुंततात आणि निमुळत्या जागी जळणाची कमान बांधली जाते. वरचं वर राहतं, खाली गिरमिटं रिकामीच फिरतात आणि भट्टी उपाशी पडते.

मग कुणीतरी वरच्या पत्र्याच्या दारातून आत उतरायचं, भिंतीला जडवलेल्या शिडीवर उभं राहायचं आणि लांब आकडीनं ती कमान खरवडून मोडायची. आकडी म्हणजे आंबे उतरवायची असते तीच, फक्त टोकाला लोखंडी हूक. पाय शिडीवरून काढायचा नाही, हा धर्माजीचा नियम. अकरा वर्षांत त्यानं तो कधी मोडला नव्हता.

गेल्या वर्षी नवी सिस्टिम आली. खोटं कशाला बोला, ती वाईट नव्हती. भट्टीची उष्णता, वाफेचा दाब, जळणाचा ओलावा, चिमणीतून जाणारी हवा, सगळं क्षणाक्षणाला मोजलं जाई, पडद्यावर रेघांनी उमटे, आणि हवा किती सोडायची, जळण किती ढकलायचं हे सिस्टिम आपलं आपण ठरवी. शेजारच्या वाडीतल्या बायकांची वाळत घातलेली लुगडी पूर्वी काळी पडायची, ती पडायची थांबली. भट्टीच्या खिडकीत तोंड घालून ज्वाळेचा रंग बघणाऱ्या माणसाच्या भुवया जळायच्या, त्या वाचल्या. आणि हे सगळं इथल्यासारखंच तिकडे कंपनीच्या खारघरच्या ऑफिसातही दिसायचं.

पण जे सगळं बघतं ते माणसालाही बघतं. हेल्मेटमध्ये एक चकती बसवली. कोण कुठे आहे ते पडद्यावर ठिपक्यानं दिसू लागलं. कणग्यात उतरायचं तर आधी पडद्यावरून परवानगी मागायची, खारघरनं ती द्यायची, मग पट्टा आणि गिरमिटं दोन्हींना कुलूप लागायचं आणि चावी उतरणाऱ्याच्या खिशात. नियम शंभर टक्के योग्य होता. फक्त त्याला चाळीस मिनिटं लागत, तेवढा वेळ वीज बंद राही आणि ज्याच्या पाळीत हे झालं त्याच्या नावापुढे लाल रेघ पडे.

चाळीस मिनिटांचं काम पाच मिनिटांत करायची युक्ती धर्माजीनंच काढली. कणग्याच्या छताला एक डोळा आहे, तो खाली बघून जळण किती वर आलं ते सांगतो. त्या डोळ्याखाली सुंभानं तेलाच्या डब्याचं झाकण टांगलं की डोळ्याला वाटतं, जळण तोंडाशी आलं. कणगा भरला असं समजून पट्टा थांबतो. पट्टा थांबला की उतरायचं, कमान मोडायची, वर यायचं, झाकण काढायचं. राहिला हेल्मेटातला ठिपका. तो कणग्यावर दिसला तर सिस्टिम बोंब मारणार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत हेल्मेट कॅन्टीनच्या खिळ्याला अडकवायचं. ठिपका जेवत बसलाय, माणूस काम करतोय. यार्डातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि कंट्रोल रूममधल्या कुणालाच नव्हतं. मृणाललाही नाही. शेरास सव्वाशेर, असं धर्माजी मनातल्या मनात म्हणायचा आणि खूश व्हायचा.

त्या दिवशी, एप्रिलच्या एका मंगळवारी, सकाळी गेटवर मृणालनं स्कूटर उभी केली आणि म्हणाली, "काका, आज जरा यार्डाकडं लक्ष असू द्या. या महिन्यात माझ्या पाळीत दोन लाल झालीत."

"तिसरं झालं तर?"

"मला परत ट्रेनिंगला पाठवतील. म्हणजे खुर्चीत दुसरं कोणतरी बसेल. ट्रेनिंगवरून आजवर कोणी परत आलेलं मी बघितलं नाही."

"न्हाय व्हायचं लाल," धर्माजी म्हणाला. "मी हाय ना."

साडेबारा वाजता गिरमिटांचा आवाज बदलला. भरलेलं गिरमिट कुरकुरतं, रिकामं नुसतं गरगरतं. धर्माजीला तो आवाज लांबून कळायचा. त्याच्या जोडीचा विठोबा तुसाच्या ट्रकवर होता. नेहमी एकजण उतरायचा आणि दुसरा दाराशी उभा राहायचा, पण ट्रक अर्धा रिकामा झाला होता. "तू ट्रक संपव आणि जेवायला जा," धर्माजी त्याला म्हणाला. "कणग्याचं मग बघू." मग बघू असं म्हणाला खरा, पण मग म्हणजे वाफेचा दाब उतरणार आणि मृणालच्या पाळीत लाल पडणार. त्यानं कॅन्टीनमध्ये जाऊन हेल्मेट खिळ्याला लावलं, मागच्या दारानं बाहेर पडला आणि एकटाच कणग्यावर चढला.

झाकण टांगलं, पट्टा थांबला. नाकाला टॉवेल बांधून तो शिडीनं आत उतरला. कमानीवर हातभर जळण होतं. त्यानं आकडी घालून एका कडेनं खरवडायला सुरुवात केली.

आता, त्याला जे ठाऊक नव्हतं ते आपण सांगून टाकू. खारघरला हर्षद नावाचा एक तरुण इंजिनिअर होता. कणग्याचा डोळा अधूनमधून धुळीनं आंधळा होतो आणि 'भरला, भरला' म्हणत बसतो, असं त्याच्या नोंदींत वारंवार दिसलं. बिचाऱ्याला काय ठाऊक की ती धूळ नसून तेलाच्या डब्याचं झाकण आहे. त्यानं आदल्याच दिवशी सिस्टिमला शिकवलं की डोळा पाच मिनिटं एकाच जागी अडकला आणि तिकडे दाब उतरत असला, तर डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. गिरमिटं किती फिरली ते मोजायचं आणि तेवढं जळण गेलं असं धरून पट्टा चालू करायचा. गिरमिटं तर रिकामीच फिरत होती. सिस्टिमनं ते सगळे फेरे इमानदारीनं मोजले आणि कणगा आता रिकामा झाला असणार, असा हिशोब केला.

पट्टा सुरू झाल्याचा आवाज धर्माजीनं ऐकला, पण त्याचा विश्वास बसला नाही. झाकण तर जागेवर होतं. त्यानं मान वर केली आणि पहिला लोंढा त्याच्या तोंडावर आला. डोळ्यांत तूस गेलं, हात डोळ्यांकडे गेला, पाय सुटला. तो पाठीवर पडला, सरळ कमानीवर.

वरून जळण पडतच होतं. तो धडपडत उभा राहिला तोवर गुडघ्यापर्यंत आलं, मग मांड्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत. मग पट्टा थांबला. धूळ बसली तेव्हा त्याला दिसलं, शिडी हातापासून फार तर दीड हात लांब आहे. त्यानं पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय हलेना. तूस हलकं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यात कमरेपर्यंत रुतून बघावं. ते माणसाला सगळीकडून एकदम धरतं.

आकडी हातातच होती. तिचा हूक त्यानं शिडीच्या पायरीला लावला आणि जोर केला. पायाखाली काहीतरी कडकड वाजलं आणि तो वीतभर खाली गेला. त्यानं झटकन जोर सोडला. तो कशावर उभा आहे ते त्याला तेव्हा कळलं. ज्या कमानीला मोडायला तो आला होता तीच त्याला धरून होती. तिच्याखाली पोकळी होती आणि पोकळीत गिरमिटं फिरत होती. ती रिकामी गरगर त्याला तळपायांतून जाणवत होती. आता ही कमान मोडू नये, एवढंच त्यानं देवाजवळ मागितलं.

तो ओरडला. खूप वेळ ओरडला. वर पंखे, बाजूला भट्टी, खाली गिरमिटं. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हता. मोबाइल लॉकरमध्ये होता, धुळीच्या जागी तो न्यायला बंदी. विठोबाला वाटत असणार, धर्माजी जेवतोय. जेवणाऱ्यांना वाटत असणार, विठोबाबरोबर ट्रकवर आहे. आणि पडद्यावर त्याचा ठिपका कॅन्टीनच्या खिळ्यावर निवांत होता. म्हणजे या घडीला तो कुठे आहे याची खात्रीशीर माहिती सगळ्यांकडे होती आणि ती त्यानंच पुरवली होती.

धर्माजी घाबरला. आणि घाबरण्यापेक्षाही त्याला स्वतःचा राग आला. सोनाबाई आज कोकमाची सालं वाळत घालणार होती, ऊन उतरायच्या आत उचलायला दोन माणसं लागतात, मी येतो म्हणून तो सांगून आला होता. आपण मेलो तर लोक काय म्हणतील हेही त्याच्या मनात आलं. म्हणतील, कॅन्टीनमधून कणग्यात गेला कसा. चकती सांगतेय जेवत होता. पोलीससुद्धा चकतीवरच विश्वास ठेवतील.

मग त्याला रेघ आठवली. दसऱ्याला मशीनची पूजा असते, तेव्हा मृणालनं त्याला आत नेऊन पडदा दाखवला होता. "ही तांबडी भट्टीची, ही पिवळी वाफेची, आणि ही निळी तुमच्या कणग्याची, काका. डोळ्याला जे दिसतं ते इथं उमटतं." त्या कणग्यातून बाहेर जाणारी एकच गोष्ट होती, ती निळी रेघ. आणि ती जिथून निघत होती तो डोळा त्याच्या डोक्यावर दीड पुरुष उंचीवर होता. आकडी तिथवर पोचत होती.

त्यानं आकडी वर केली, सुंभ हुकात घेतला आणि झाकण डोळ्याखालून बाजूला ओढलं. रेघ आता धाडकन खाली आली असेल. मृणाल बघेल. तो तसाच धरून थांबला. कुणी आलं नाही. आणि पट्टा पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या लोंढ्यानं तो छातीपर्यंत गाडला गेला. त्यानं तोंड बाहीत खुपसलं आणि आकडी तेवढी वर धरून ठेवली. ती एकदा गाडली गेली असती तर मग काहीच उरलं नसतं. श्वास आत घेताना बरगड्या उघडत होत्या, पण बाहेर सोडला की तेवढी जागा तूस भरून काढत होतं. दर श्वासाला आत घ्यायची हवा थोडी कमी होत होती.

पट्टा थांबल्यावर त्यानं विचार केला. घाईत नाही, सावकाश केला, कारण चुकीचा विचार करायला आता वेळ नव्हता. रेघ खाली आली तर आली. यंत्र बिघडतंच. बिघडलेलं यंत्र बघून कोण खुर्चीतून उठतं? यंत्राला जे करता येणार नाही ते केलं पाहिजे.

त्यानं झाकण डोळ्याखाली सोडलं, ओढलं. सोडलं, ओढलं. सोडलं, ओढलं. मग थांबला, मनात दहा मोजले. पुन्हा तीनदा. पुन्हा दहा.

हे करताना त्याला ठाऊक नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं, की सिस्टिमनं डोळा केव्हाच नादुरुस्त ठरवला होता. निळी रेघ पडद्यावर आता निळी नव्हतीच, करड्या रंगाची झाली होती, शेजारी लिहिलं होतं 'दुर्लक्षित'. रेघ उड्या मारते आहे असं मृणालनं फोनवर सांगितलं तेव्हा हर्षद म्हणाला, "अरे वो छोड दे ना, सेन्सर गेलाय. उद्या बदलू. सिस्टिम बराबर चाललीय, दाब बघ, वर येतोय." दाब खरोखर वर येत होता. खरवडलेल्या कडेनं थोडं थोडं जळण गिरमिटांत पडू लागलं होतं, आणि ते धर्माजीच्या पायाखालून जात होतं.

तीनदा. दहा. तीनदा. दहा. खांदे पेटले होते. डाव्या हाताला मुंग्या आल्या, मग तो त्याचा राहिलाच नाही. त्यानं मोजणं चुकू दिलं नाही. आता त्याच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं. मधे एकदा कमान पुन्हा कडकडली आणि तो दोन बोटं खाली गेला, तेव्हा सहा मोजून झाले होते, तो सातपासून पुढे गेला. तिसऱ्यांदा पट्टा सुरू झाला. जळण गळ्याशी आलं, हनुवटीशी आलं. त्यानं डोकं मागे टाकलं, ओठ मिटले आणि एका हातानं आकडी ओढली. एक. सोडली, ओढली. दोन.

पट्टा थांबला. मधेच थांबला, नेहमीसारखा हळूहळू नाही. मग खालची गरगर थांबली. मग पंखे. अकरा वर्षांत त्यानं कणग्यात अशी शांतता ऐकली नव्हती. वरच्या दारात उजेडाच्या चौकोनात एक डोकं दिसलं आणि मृणालचा आवाज आला, "काका, हलू नका. मी हाय."

त्याला बाहेर काढायला अर्धा तास लागला. विठोबा आणि दोघं जण दोर बांधून उतरले, जळणावर फळ्या टाकल्या आणि घमेल्यांनी उपसून त्याला खांद्यापासून कमरेपर्यंत मोकळा केला. शेवटी ओढलं तेव्हा एक बूट आतच राहिला. वर छतावरच्या जाळीवर त्याला पाठ टेकून बसवलं. कॅन्टीनमधली सगुणा पाणी घेऊन आली. पाणी आत गेलं, पण आवाज बाहेर येईना. घशात तूसच तूस होतं. तो नुसता श्वास घेत बसला. श्वासाला जागा आहे, याचंच त्याला रडू येत होतं, आणि तो रडला.

मृणाल त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती. खुर्ची सोडून आल्याबद्दल तिच्या फोनवर इशाऱ्यांमागून इशारे येत होते. "बिघडलेला डोळा तीन मोजत नाही, काका," ती एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "मी कॅन्टीनला फोन केला. सगुणाकाकी म्हणाली, टोपी हाय, माणूस न्हाय." आणि तीही रडायला लागली.

अर्धा तास न उचललेला फोन पुन्हा वाजला. हर्षद होता. मृणालनं तो जाळीवर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. "मृणाल, पूर्ण प्लान्ट ट्रिप झालाय. इमर्जन्सीची दोरी कोणी ओढली? मला दोन मिनिटांत कारण टाकायचंय, वरून विचारतायत."

तिनं काकाकडे पाहिलं. तो कोणता नियम मोडून कुठे उतरला होता हे तिला आता कळलं होतं. खरं कारण लिहिलं तर गेट त्याला उद्यापासून बंद, आणि यार्डातल्या साऱ्यांनाही. तिनं डोळे पुसले आणि शांत आवाजात सांगितलं, "सर, पट्टा घसरला होता. मी बंद केला."

"ओके. कोणाला लागलं नाही ना?"

"नाही."

"मग किती वेळात चालू होईल? कणगा क्लिअर आहे?"

कणगा मोकळा नव्हता. अर्धी कमान अजून होतीच. विठोबानं ते हेरलं आणि तो फोनपासून बाजूला होऊन हळूच म्हणाला, "मृणाल, तू सांग धा मिनटं. तुमी बसा धर्माजीकाका, तुमी लई केलंत. पोरीच्या पाळीत आनखी लाल नको पडायला. मी झाकण लावतो आणि झटक्यात मोकळा करतो. कोनाला काय कळनार न्हाय." विठोबा पस्तिशीचा होता, त्याला दोन लहान मुली होत्या, आणि तो जे बोलला ते निव्वळ प्रेमानं बोलला. त्यानं दारातून एक पाय आत टाकला.

आणि धर्माजीला सगळं स्पष्ट दिसलं. मृणालनं त्याला वाचवायला खोटं सांगितलं होतं, जसं त्यानं तिला वाचवायला हेल्मेट खिळ्याला लावलं होतं. विठोबा दोघांना वाचवायला आत चालला होता. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. खारघरच्या लेखी पट्टा घसरला होता, कुणाला लागलं नव्हतं, आणि झाकण टांगलेलं असूनही पट्टा मगासारखाच पुन्हा सुरू होणार होता.

तो उठू शकत नव्हता. त्यानं पुढे झुकून विठोबाचा बाहेर राहिलेला पाय घोट्याशी दोन्ही हातांनी धरला.

"सोडा काका," विठोबा हसून म्हणाला. "घाबरलात तुमी. काय व्हत न्हाय."

धर्माजीनं मान हलवली. बोलायला गेला तर नुसती घरघर आली. विठोबानं पाय ओढला, धर्माजी त्याच्याबरोबर जाळीवर हातभर फरफटला, पण पकड सुटली नाही. तो खोकला. पोट पिळवटून खोकला, काळी थुंकी जाळीवर पडली, पुन्हा खोकला. फोनमधून हर्षद विचारत होता, "मृणाल? हॅलो? क्या चल रहा है वहाँ?"

"साहेब," धर्माजी म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "पट्टा घसरला न्हाय. मी कणग्यात व्हतो."

मृणाल म्हणाली, "काका, नका." त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याचं धैर्य टिकलं नसतं.

"कोण बोलतंय?" हर्षदनं विचारलं.

धर्माजीनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, कंत्राटदाराचं नाव सांगितलं, पासाचा नंबर सांगितला. मग झाकणाचं सांगितलं, खिळ्याचं सांगितलं, हे किती महिने चाललंय आणि कोणी सुरू केलं तेही सांगितलं. ही युक्ती माझी, पोरांची न्हाय, पोरीला तर ठाऊकच नव्हती, असं तो दोनदा म्हणाला. मधे मधे खोकला येत होता, तेवढा तो थांबायचा आणि पुन्हा जिथून सोडलं तिथून धरायचा. मग हर्षद अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, "मी कुलूप लावतो. कोणी आत जाऊ नका. प्लीज, कोणी आत जाऊ नका."

विठोबानं आतला पाय बाहेर काढला आणि तो जाळीवर खाली बसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, आता सोडा," तो म्हणाला. "न्हाय जात मी."

धर्माजीनं ऐकलं, मान हलवली, पण बोटं उघडेनात. मृणालनं ती एकेक करून सोडवली.